बयाना ते रजिस्ट्री: पांढुर्णा-सौंसरमधल्या एका गाळ्याचा हिशेब

100 रुपये. मालमत्ता हस्तांतरणाच्या 1882 सालच्या कायद्यात, 54 व्या कलमात हा आकडा लिहिलेला आहे. 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची असेल, तर ती नोंदणी केलेल्या दस्तानेच विकली जाते. एकशे चाळीस वर्षं उलटली, देश बदलला, राज्याच्या सीमा बदलल्या, पण हा आकडा जागचा हलला नाही. आणि तरीही पांढुर्णा-सौंसरसारख्या गावांत अठरा-वीस लाखांच्या गाळ्याचा सौदा आधी पाचशेच्या स्टॅम्पवरच उभा राहतो. मधला दलाल, दोन साक्षीदार, थोडा बयाना, आणि "रजिस्ट्री दिवाळीनंतर करू" असा शब्द.

शब्दावर माझा अविश्वास नाही. या भागातला व्यापार शब्दावरच चालत आला आहे. संत्र्याचा बहार झाडावर असतानाच बागेचा सौदा होतो तो शब्दावरच. पण संत्र्याचा सौदा एका हंगामात निकाली निघतो. गाळ्याचा सौदा पुढच्या पिढीपर्यंत जातो, आणि त्याच 54 व्या कलमाचं पुढचं वाक्य फार कडक आहे: विक्रीचा करार झाला म्हणून त्या मालमत्तेत घेणाऱ्याचा हक्क निर्माण होत नाही. म्हणजे बयाना दिला, चिठ्ठी लिहिली, पेढे वाटले, तरी कायद्याच्या नजरेत गाळा अजून विकणाऱ्याचाच आहे. बयाना आणि रजिस्ट्री यांच्यामध्ये जो काळ जातो, त्या काळात घेणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट असते: तो कागद. त्यात काय लिहिलं आहे आणि काय लिहायचं राहिलं आहे, यावर सगळं ठरतं.

ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके त्यात आले. जिल्हा झाला की कचेऱ्या येतात, कचेऱ्यांमागे माणसं येतात आणि माणसांमागे बाजार येतो. एक गाव नागपूर-बैतूल रस्त्यावर, दुसरं नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, जवळ बोरगावची औद्योगिक वसाहत. अशा ठिकाणी गाळ्याला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागत नाही. घाईत झालेल्या सौद्यांचे तंटे मात्र वर्षानुवर्षं चालतात, म्हणून हा हिशेब.

हिशेबासाठी एक गाळा धरू. तो उदाहरणापुरताच आहे, पण त्याला लागणारे दर, मुदती आणि मर्यादा खऱ्या आहेत. कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर, कागदावर 10 बाय 15 म्हणजे 150 चौरस फूट. सौदा 18 लाखांचा. कलेक्टर गाईडलाईनप्रमाणे, म्हणजे मुद्रांकासाठीच्या सरकारी दराने, त्याची किंमत निघते 20 लाख.

आधी मोजपट्टी. 18 लाखांना 150 फूट म्हणजे फुटाला 12,000 रुपये. पण त्या 150 फुटांत जिन्याचा, व्हरांड्याचा आणि भिंतींचा वाटा धरलेला असतो. आत उभं राहून भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं आणि 10 बाय 11 भरलं, तर हाती आले 110 फूट. भाव झाला 16,364 रुपये. एकाच गाळ्याचे हे दोन भाव, आणि त्यांत 4,364 रुपयांचं अंतर. करारात आतलं माप लिहा, वर बांधकामाचं माप लिहा, आणि व्हरांडा, जिना, गच्ची, पार्किंग यांत हिस्सा आहे की नाही तेही लिहा. कॉम्प्लेक्समधला गाळा म्हणजे नुसत्या चार भिंती नसतात. जमिनीत आणि सामाईक जागेत त्याचा अविभक्त वाटा असतो. मध्य प्रदेशात यासाठी 2000 सालचा प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम आहे. दस्तात तो वाटा आलाच नाही, तर उद्या इमारत पाडायची वेळ आल्यावर घेणाऱ्याने काय दाखवायचं?

पण मोजपट्टीच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो विचारायचाच राहून जातो. विकणारा नेमकं विकतो आहे काय?

लहान गावांत "कॉम्प्लेक्समधलं दुकान" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली, पूर्ण मालकीचा गाळा. दुसरी, नगरपालिकेने बांधलेल्या कॉम्प्लेक्समधला गाळा, जो लिलावात प्रीमियम भरून आणि महिन्याचं भाडं कबूल करून घेतलेला असतो. तिसरी, नुसती भाडेकरूची जागा, जी पगडी घेऊन पुढच्याला दिली जाते. बोली तिन्हीकडे एकच: "दुकान विकलं."

नगरपालिकेच्या गाळ्याची मालक नगरपालिकाच राहते. तिची स्थावर मालमत्ता कोणाला, कशी आणि किती काळ द्यायची, हे मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम 1961 आणि अचल संपत्तीच्या अंतरणाचे 2016 चे नियम ठरवतात. गाळा ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे असतो तो पट्टा. तो दुसऱ्याच्या नावे करायचा, तर पट्ट्यात तशी मोकळीक हवी आणि पालिकेची लेखी परवानगी हवी. परवानगीशिवाय केलेल्या "विक्री"त घेणाऱ्याला मिळते ती किल्ली, हक्क मिळत नाही.

इथे आकडा डोळे उघडतो. समजा पट्टा 30 वर्षांचा होता आणि त्यातली 18 वर्षं सरली. उरली 12. घेणाऱ्याने 8 लाख मोजले. 12 वर्षं म्हणजे 144 महिने. 8 लाखांना 144 ने भागलं की महिन्याला 5,556 रुपये येतात. पालिकेचं भाडं याच्यावर वेगळं. मुदत संपल्यावर नूतनीकरण होईल की नाही, कोणत्या भाड्याने होईल, हे त्याच्या हाती नाही. हे माहीत असूनही 8 लाख द्यायचे असतील तर जरूर द्यावेत. चौकातल्या जागेला तेवढं मोलही असू शकतं. पण मालकी घेतली असं समजून दिले, तर ती फसगत आहे, आणि पुष्कळदा ती विकणाऱ्यानेही जाणूनबुजून केलेली नसते. त्याच्या वडिलांनी लिलावात घेतलेला गाळा तो लहानपणापासून "आपला" म्हणत आलेला असतो.

नझूलच्या जमिनीवर उभ्या असलेल्या कॉम्प्लेक्सचंही हेच. जमीन सरकारची आणि तिचा पट्टा ठराविक मुदतीचा, म्हणून तो आधी बघायचा. आणि शेतजमिनीवर बांधकाम झालं असेल तर डायव्हर्शन, म्हणजे जमीन बिगरशेती, झालं आहे का, हे खसऱ्यावरून तपासायचं.

मालकीचा गाळा आहे असं ठरलं की पुढची पायरी कागदांचा मागोवा. वकील साधारण 13 ते 30 वर्षांचा शोध घेतात. यात दोन गैरसमज फार खोल रुजलेले आहेत. एक: "नामांतरण त्याच्या नावावर आहे, मग मालक तोच." नामांतरण म्हणजे महाराष्ट्रात ज्याला फेरफार म्हणतात ते. मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2021 मध्ये पुन्हा सांगितलं की नामांतरणाची नोंद कर-वसुलीपुरती असते, तिच्यातून मालकी मिळत नाही आणि जातही नाही. दुसरा: "रजिस्ट्री झाली म्हणजे सरकारने मालकी तपासली." तसंही नाही. एप्रिल 2025 मध्ये तमिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केलं की मालकी तपासणं हे नोंदणी अधिकाऱ्याचं काम नाही. दस्त नीट सादर झाला, शुल्क भरलं, सह्या कबूल झाल्या, की तो नोंदवतो. विकणाऱ्याकडे विकण्याजोगं काही होतं का, हे ज्याने त्याने बघायचं.

आणि मुखत्यारपत्र. "मालक नागपूरला राहतात, पॉवर माझ्याकडे आहे" हे वाक्य या दोन गावांत नवं नाही, कारण निम्मं नातं नागपूरला आहे. खऱ्या मालकाच्या वतीने नोंदणीकृत मुखत्यारपत्रावर रजिस्ट्री करून देणं वैध आहे. पण विक्रीचा करार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी तीन कागदांची जुडी देऊन "झाली विक्री" म्हणणं चालत नाही. 11 ऑक्टोबर 2011 रोजी सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग बंद केला.

आता खर्च. मध्य प्रदेशात शहरी हद्दीतल्या विक्रीपत्रावर मुद्रांक शुल्क 5 टक्के. त्याच्यावर नगरपालिका शुल्क, जनपद शुल्क आणि उपकर मिळून साडेचार टक्के. आणि नोंदणी फी 3 टक्के. एकूण साडेबारा. हे सौद्याची किंमत आणि गाईडलाईन यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं. आपला सौदा 18 लाखांचा, गाईडलाईन 20 लाखांची. म्हणून 20 लाखांचे साडेबारा टक्के, म्हणजे 2,50,000 रुपये. 18 लाखांचा गाळा हातात पडेपर्यंत साडेवीस लाखांचा झाला, आणि वकिलाची फी व दलाली अजून धरलेलीच नाही.

सीमेपलीकडे वरूड-नरखेडला नातेवाईक असलेल्यांना हा आकडा बोचतो. महाराष्ट्रात नोंदणी फी 1 टक्का, आणि तीही वर्षानुवर्षं 30,000 रुपयांच्या वर जात नव्हती. इथे एकट्या नोंदणी फीचेच 60,000 होतात. रजिस्ट्री पुढे ढकलत राहण्यामागचं मोठं कारण हेच आहे, आणि ते मला समजतं. अडीच लाख म्हणजे लहान दुकानदाराचा कित्येक महिन्यांचा गल्ला. पण ढकललेल्या रजिस्ट्रीचा धोका अडीच लाखांचा नसतो, तो पूर्ण 18 लाखांचा असतो. आणि गाईडलाईन बहुतेक दर एप्रिलला नव्याने येते, ती खाली येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

सौद्याची किंमत कागदावर कमी दाखवली तर? इथे आयकराचा कायदा आडवा येतो, आणि तोही दोन्ही बाजूंनी. मुद्रांकासाठीची किंमत सौद्याच्या किमतीच्या 110 टक्क्यांपर्यंत असेल, तर आयकर खातं सौद्याचीच किंमत धरतं. त्याच्यावर गेली की मुद्रांकाची किंमत धरतं. 18 लाखांचे 110 टक्के म्हणजे 19,80,000. आपली गाईडलाईन 20,00,000. फक्त 20,000 रुपयांनी रेषा ओलांडली गेली! परिणाम असा: विकणाऱ्याचा नफा 20 लाखांना विकलं असं समजून मोजला जाईल, आणि घेणाऱ्याला जो 2 लाखांचा "फायदा" झाला, तो त्याच्या उत्पन्नात धरून त्यावर कर लागेल. तोच सौदा खरोखर 18,25,000 ला ठरला असता तर 110 टक्के झाले असते 20,07,500, आणि दोघंही सुटले असते. म्हणून गाईडलाईनची किंमत बयान्याच्या दिवशी माहीत हवी, रजिस्ट्रीच्या दिवशी नाही. भाव ठरवताना शेवटच्या पंचवीस हजारांवर जी ओढाताण चालते, तिच्यात घेणाऱ्याने ताणून धरलेले पंचवीस हजार त्यालाच दोन लाखांवरच्या कराने महाग पडू शकतात. बाजारभाव खरोखरच गाईडलाईनपेक्षा कमी असेल, तर विकणाऱ्याला आयकर अधिकाऱ्याकडे स्वतंत्र मूल्यांकन मागता येतं. तो हक्क फार थोडे वापरतात.

एक सोय मात्र कायद्याने दिली आहे. करार आणि रजिस्ट्री वेगवेगळ्या तारखांना झाली, तर आयकरासाठी करार झाला त्या दिवशीची मुद्रांक-किंमत धरता येते. अट एकच: रकमेचा काही भाग कराराच्या दिवशी किंवा त्याआधी खात्यावर भरायच्या चेकने किंवा बँकेतून दिलेला असावा. मार्चमध्ये बयाना बँकेतून दिला, एप्रिलमध्ये गाईडलाईन वाढली आणि रजिस्ट्री जूनमध्ये झाली, तरी आयकराच्या हिशेबात मार्चची किंमत चालते. बयाना रोख दिला तर ही सोय गेली.

रोखीने आणखीही बरंच काही जातं. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला 1 जून 2015 पासून बंदी आहे. दंड जेवढी रोख घेतली तेवढाच. 5 लाखांचा बयाना रोख घेतला तर दंड 5 लाख, आणि तो घेणाऱ्या हातावर, म्हणजे विकणाऱ्यावर. सौदा पुढे मोडला तरी बंदी लागू राहते. इकडच्या भागात यावर एक उत्तर ऐकू येतं: "आमचं शेतीचं उत्पन्न, आम्हाला ते लागू नाही." कायद्यात अशी सूट खरंच आहे. पण ती केव्हा? देणारा आणि घेणारा, दोघांचंही उत्पन्न शेतीचं असेल आणि दोघांपैकी एकाचंही करपात्र उत्पन्न नसेल, तेव्हाच. संत्र्याच्या बागेबरोबर ज्याचं गावात दुकान आहे, भाडं येतं, किंवा जो आज गाळा विकून नफाच कमावतो आहे, तो या सुटीत बसेल असं गृहीत धरणं धोक्याचं आहे.

विकणाऱ्याच्या नफ्याचाही हिशेब करून टाकू. गाळा 2008-09 मध्ये खर्चासकट 6 लाखांना घेतला होता आणि 2025-26 मध्ये विकला. 23 जुलै 2024 नंतरच्या विक्रीवर दीर्घ मुदतीच्या नफ्याला साडेबारा टक्के कर, महागाईची वजावट नाही. पण त्या तारखेआधी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीला जुना मार्गही मोकळा ठेवला आहे: महागाई निर्देशांक लावून 20 टक्के. पहिल्या मार्गाने: 20 लाख वजा 6 लाख, 14 लाखांचे साडेबारा टक्के, 1,75,000. दुसऱ्या मार्गाने: 2008-09 चा निर्देशांक 137, 2025-26 चा 376, 6 लाखांचे होतात सुमारे 16.47 लाख, नफा 3.53 लाख, 20 टक्के म्हणजे साधारण 70,700. लाखाहून जास्त फरक. हाच गाळा 3 लाखांना घेतलेला असता तर उलट झालं असतं: पहिल्या मार्गाने 2,12,500 आणि दुसऱ्याने सुमारे 2,35,300. म्हणून जुनी रजिस्ट्री, तेव्हाच्या शुल्काच्या पावत्या आणि नंतरच्या बांधकामाची बिलं शोधून ठेवायला हवीत. ती नसली की हिशेबच करता येत नाही. आणि दुकान धंद्याच्या पुस्तकात दाखवून दरवर्षी घसारा घेतला असेल तर ही दोन्ही गणितं बाद होतात, नफा अल्पमुदतीचा धरला जातो.

सौदा 50 लाखांचा किंवा जास्त असेल, तर घेणाऱ्याने 1 टक्का टीडीएस कापून भरायचा. आपला गाळा त्यात येत नाही. पण शेजारशेजारचे दोन-तीन गाळे एकत्र घेतले आणि रक्कम 52 लाख झाली, तर 52,000 कापावे लागतात. नवरा-बायकोने 26-26 लाख दिले म्हणून ही सीमा चुकत नाही. ऑक्टोबर 2024 पासून एकूण रक्कमच बघतात.

आता तो कागद, म्हणजे विक्रीचा करार. इकडे त्याला अनुबंध म्हणतात, सौदाचिठ्ठी म्हणतात, नागपूरकडचे इसारपावती म्हणतात. नाव काहीही असो, त्यात कब्जा दिल्याचं एक वाक्य आलं की त्याचं रूप पालटतं. मध्य प्रदेशात कब्ज्यासह केलेल्या विक्री-करारावर विक्रीपत्राइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. राज्यातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हे ठामपणे सांगितलं: करारात कब्जा दिल्याचं लिहिलं आहे आणि मुद्रांक कमी आहे, तर तो कागद पुराव्यात येणार नाही. "कब्जा खरं म्हणजे दिलाच नव्हता" असा युक्तिवाद करून उपयोग नाही. कागदावर जे लिहिलं त्याच्यावर शुल्क ठरतं. कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरल्याशिवाय तो वापरता येत नाही. किती करारांत केवळ जुन्या मसुद्याची नक्कल मारताना "मौक्यावर कब्जा सोपवला आहे" हे वाक्य येऊन बसलेलं असेल! किल्ली दिलेली नसेल तर ते वाक्य लिहू नका. दिली असेल तर शुल्क भरून करार नोंदवून घ्या. कारण 24 सप्टेंबर 2001 पासून, करारावर कब्जा घेतलेल्याला मिळणारं 53-अ कलमाचं संरक्षण फक्त नोंदणीकृत करारालाच मिळतं.

54 वं कलम म्हणतं करारातून हक्क मिळत नाही, हे वर आलंच. पण लगेच पुढचं 55 वं कलम घेणाऱ्याला थोडा आधार देतं, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. घेणाऱ्याने किमतीपोटी आधी दिलेल्या पैशाचा त्या मालमत्तेतल्या विकणाऱ्याच्या हिश्शावर बोजा राहतो, जोवर घेणारा स्वतः विनाकारण मागे हटत नाही. हा बोजा सिद्ध करायला पैसे बँकेतून गेलेले असणं किती मोलाचं, हे वेगळं सांगायला नको. याच कलमाप्रमाणे विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी कर आणि देणी विकणाऱ्याची. संपत्ती कर, पाण्याची पट्टी, कॉम्प्लेक्सच्या देखभालीची वर्गणी, वीजबिल, यांच्या शेवटच्या पावत्यांच्या तारखा करारात घातल्या की वाद उरत नाही. गाळ्यावर बँकेचं कर्ज असेल, तर ते कोण, कोणत्या पैशातून, कोणत्या दिवशी फेडणार ते लिहायचं. शक्यतो घेणाऱ्याचा पैसा थेट कर्जखात्यात जावा आणि मूळ कागद बँकेतून सुटून थेट रजिस्ट्रीच्या टेबलावर यावेत.

तारीख. करारात रजिस्ट्रीची ठराविक तारीख हवी; "दिवाळीनंतर" ही तारीख नव्हे. करार पाळायला लावण्याचा दावा लावायला मुदत 3 वर्षांची आहे. तारीख लिहिलेली असेल तर तीन वर्षं त्या तारखेपासून मोजतात; नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळलं तेव्हापासून, आणि मग नकार केव्हा कळला यावरच वर्षं जातात. 1 ऑक्टोबर 2018 पासून कायदा बदलून घेणाऱ्याची बाजू बळकट झाली आहे. आधी करार पाळायला लावणं न्यायालयाच्या मर्जीवर होतं, आता तो नियम झाला आहे. पण एक अट कायम आहे: आपण पैसे घेऊन तयार होतो, हे घेणाऱ्याने दाखवायला हवं. ठरलेल्या दिवशी खात्यात शिल्लक होती, नोटीस पाठवली होती, उपपंजीयक कार्यालयात हजर होतो, असं काहीतरी हवं. घरात बसून "मी तयारच होतो" म्हणणं न्यायालयात टिकत नाही.

बयाना बुडण्याबद्दलही लिहून ठेवावं लागतं. दिलेल्या रकमेतला बयाना कोणता आणि किमतीचा हप्ता कोणता, हे वेगळं लिहा. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये हा भेद स्पष्ट केला: घेणाऱ्याच्या चुकीने सौदा मोडला तर बयाना जप्त होऊ शकतो, आगाऊ हप्ता होत नाही. 18 लाखांच्या सौद्यात 1 लाख बयाना आणि 5 लाख हप्ता असं लिहिलं, तर जोखीम 1 लाखाची. नुसतं "6 लाख बयाना" लिहिलं तर ती सहापट. विकणारा मागे फिरला तर काय, हेही त्याच वाक्यात यायला हवं. आपल्याकडे करार बहुतेक एका बाजूनेच बोलतात.

नव्या बिल्डरकडून गाळा घेत असाल तर हे सगळं वेगळ्या कायद्यात जातं. 2016 चा रेरा कायदा "अपार्टमेंट"च्या व्याख्येत दुकानही धरतो. प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आपल्या गाळ्याला ती सीमा 1,80,000. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने. पण 500 चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा 8 पर्यंत गाळे असलेल्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. आणि लहान गावातलं कॉम्प्लेक्स बहुधा एवढंच असतं. ज्या गावांना या कायद्याची गरज सर्वात जास्त, तिथलीच बांधकामं या सीमेखाली राहतात. मला ही त्या कायद्यातली मोठी उणीव वाटते.

गाळ्यात भाडेकरू असेल तर विक्रीने तो बाहेर जात नाही. नवा मालक त्याचा मालक होतो, एवढंच. मध्य प्रदेशच्या 1961 च्या स्थान नियंत्रण अधिनियमाच्या 12 व्या कलमात एक तरतूद आहे: विकत घेऊन मालक झालेल्याला "मला स्वतःला हवं आहे" या कारणाने पहिलं 1 वर्ष दावाच लावता येत नाही. स्वतःचा धंदा थाटायला गाळा घेणाऱ्याने हे बयान्याआधी जाणून घ्यावं. रिकामा गाळा हवा असेल, तर रिकामा झाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही, असं करारात लिहावं.

आणि गाळ्याबरोबर चालता धंदा विकत घेत असाल, तर त्याचा करार वेगळा करा. विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक त्याच्या पॅनला बांधलेला असतो, औषधाच्या दुकानाचा परवाना ज्याच्या नावाचा त्याचाच. ते नव्याने घ्यावे लागतात. मालाची मोजदाद, उधारीची वही, पाटी आणि नाव यांची किंमत स्वतंत्र लिहा. यात एक बारकावा फार उपयोगाचा आहे. "मी या बाजारात हाच धंदा पुन्हा टाकणार नाही" असं वचन एरवी करार कायद्याच्या 27 व्या कलमाने रद्द ठरतं. पण धंद्याचं नाव, म्हणजे गुडविल, विकलेलं असेल तर ठराविक हद्दीपुरतं आणि वाजवी असं वचन टिकतं. गुडविलला किंमत लावलीच नाही, आणि विकणाऱ्याने रस्त्यापलीकडे दुसऱ्या महिन्यात तेच दुकान उघडलं, तर गिऱ्हाईक कुठे जाईल ते सांगायला नको.

शेवटी भाषा, कारण या दोन गावांत ती कायद्याइतकीच महत्त्वाची आहे. सौदा मराठीत होतो, कागद हिंदीत निघतो. आपण खरेदीखत म्हणतो, कागदावर विक्रय पत्र. आपला विसार किंवा बयाना तिथे अग्रिम राशी होतो, फेरफार तिथे नामांतरण. 1956 पर्यंत सौंसर-पांढुर्णा ज्या जुन्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती, आणि 1950 च्या कायद्याने त्या राज्याच्या हिंदी आणि मराठी अशा दोन राजभाषा होत्या. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला, आणि पुढच्याच वर्षीच्या राजभाषा कायद्याने कचेरीची भाषा हिंदी झाली. त्यामुळे घरात जुनी, मराठीत लिहिलेली खरेदीखतं असतील तर मूळ मालकीची साखळी तपासताना ती वकिलापुढे ठेवायला विसरू नका.

1908 च्या नोंदणी कायद्याचं 19 वं कलम असं आहे: दस्ताची भाषा नोंदणी अधिकाऱ्याला कळत नसेल आणि ती जिल्ह्यात सामान्यपणे वापरातही नसेल, तरच भाषांतराशिवाय नोंदणी नाकारायची. पांढुर्णा जिल्ह्यात मराठी सामान्यपणे वापरात नाही, असं कोण म्हणेल? तरी आज सगळं राज्याच्या नोंदणी खात्याच्या संपदा पोर्टलवरून होतं. 10 ऑक्टोबर 2024 पासून त्याची दुसरी आवृत्ती सुरू झाली, ई-केवायसी आणि जागेचं जिओ-टॅगिंग आलं, आणि त्याचा साचा हिंदीच आहे. तो साचा भरला जाण्याआधी मसुदा हातात घ्या. माप, चतुःसीमा, रक्कम, हप्त्यांच्या तारखा, कब्जा दिला की नाही, सामाईक जागेतला वाटा, या सहा जागा दोन्हीकडच्या घरच्यांनी मिळून मराठीत मोठ्याने वाचाव्यात, आणि सहीच्या वर एक ओळ घालून घ्यावी: हा दस्त मला मराठीत वाचून व समजावून सांगण्यात आला, त्यानंतरच मी सही केली आहे.